गच्चीवरचा वाऱ्याचा कोपरा

पहाटे उठायची सवय मला हौसेनं लागलेली नाही, पोटासाठी लागली. जयपूरच्या छावणीत अफसरांच्या मेसमध्ये मी स्वयंपाकी होतो. सकाळचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण माझ्याकडे. साहेब लोक पीटीला निघायच्या आत चहा तयार पाहिजे, परत येईपर्यंत दलिया आणि अंडी टेबलावर. त्याच्या आधी कोळशाची भट्टी पेटायला हवी, म्हणजे मी तीन वाजता उठून सायकल काढायला हवी. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, तीही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. पण वेळेच्या बाबतीत मला कुणी बोट दाखवलेलं मी कधी चालवून घेतलं नाही.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही नवराबायको जुन्या शहरात तटाच्या आत एक खोली घेऊन राहत होतो. घर तिथल्याच एका मोठ्या कुटुंबाचं. खाली आमची खोली, वर ते सगळे, आणि त्याच्यावर गच्ची. हिवाळ्यात काही तक्रार नव्हती. उन्हाळा आला की घराचं वेळापत्रकच उलटं व्हायचं. दुपारी दारं-खिडक्या लावून सगळं घर झोपायचं. त्या वेळी मी भट्टीसमोर. मी चार-पाचच्या सुमारास घरी येऊन जरा पडावं म्हटलं, तर यांची सकाळ झालेली. सुना गच्चीवर बादल्या घेऊन पाणी मारायच्या, मुलं जिन्यात धडधडायची, आणि अंधार पडला की आमच्यासकट सगळ्यांच्या बाजा वर.

मग काय, जे सुरू व्हायचं! खरबुजं कापली जायची. कुणी पत्ते काढायचं. बायका कुठल्यातरी मावसबहिणीच्या लग्नातलं भांडण पहिल्यापासून परत सांगायच्या. मी चादर डोक्यावरून घेऊन पडलेला. मधेच कुणीतरी म्हणायचं, "धीरे बोलो, दखणी सो रहा है," आणि त्यावर सगळे खो खो हसायचे. दखणी म्हणजे मी. हळू बोला हे सांगायलासुद्धा ते ओरडायचे.

सगळ्यात उशिरापर्यंत जागी घरमालकाची आई. माँजी म्हणायचे तिला सगळे. विधवा बाई, वाळकी, आवाज मात्र फौजेत शोभेल असा. वारा गार झाल्याशिवाय तिला झोप लागायची नाही, आणि वारा गार व्हायचा तो रात्र सरत आल्यावर. नेमका तेव्हा माझा गजर व्हायचा. आता माझी झोप कुंभकर्णाची, साध्या गजरानं मी उठत नसे. म्हणून घड्याळ मी पितळेच्या परातीत ठेवायचो. परात अशी थरथरायची की शेजारच्या गच्चीवरचीही माणसं उठून बसायची. त्यावर माझं चूळ भरणं, घसा साफ करणं. आता घसा काय चोरून साफ करतात? आमच्या साताऱ्याकडं माणूस उठला हे चार घरांना कळतं, त्यात कुणाला काही वाटत नाही.

एक दिवस माँजीनं मला जिन्यात अडवलं.

"यह परात बंद कर. मेरी आँख लगती है और तू युद्ध छेड़ देता है."

मी म्हटलं, "माँजी, नौकरी है. एकदा उशीर झाला होता, मेसच्या हवालदारानं सांगितलंय, दुसऱ्यांदा झाला तर घरी बस."

"तो मैं जगा दूँगी. मैं तो जागती ही रहती हूँ."

वर तिनं स्वतःहून एक गोष्ट देऊ केली. गच्चीच्या एका कोपऱ्यात दगडी जाळी होती. सगळ्या घरात वारा तिथंच लागायचा, आणि ती जागा तिची. ती म्हणाली, पहिली झोप तू तिथं घे, तू उठलास की मी येईन. अट एकच, घड्याळ खाली राहील आणि चूळसुद्धा खाली.

मी खूश. घरमालकाच्या आईचा कोपरा भाडेकरूला मिळतो म्हणजे काय! बायको म्हणाली, "अहो, त्या बाईला घड्याळ कळत नाही." मी म्हटलं, "तुला काय करायचंय? बोललो ते बोललो."

पहिले काही दिवस काय झोप लागली म्हणून सांगू. जाळीतून गार वारा, बाकीचे लोक लांब. खांद्याला दोन बोटं लागायची, "उठ दखणी, टेम हो गया," मी गुपचूप चप्पल हातात घेऊन खाली. माझी जागा रिकामी झाली की ती तिथं आडवी.

मग मला रस्त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. रोज चौकात भेटणारे दूधवाले दिसेनात. छावणीच्या गेटवरचा पहारेकरी हसायला लागला. "क्यों भाई, बीवी ने निकाल दिया क्या?" मेसमध्ये जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघितलं, तर अडीचसुद्धा वाजलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्याही आधी. आता इतक्या लवकर येऊन करू काय? भट्टी पेटवली, तर हवालदार कोळशाच्या ढिगाकडे बघून ओरडला, "ह्या तुझ्या बापाच्या खाणी आहेत का?" तो आपला नाशिककडचा, शिव्या मराठीतच द्यायचा. न पेटवता बसलो, तर डोळा लागला.

आणि एका सकाळी दलिया ढवळता ढवळता मी उभ्या उभ्या झोपलो. करपलेल्या दुधाचा वास पार साहेबांच्या टेबलापर्यंत गेला. हवालदारानं मला मागच्या बाजूला नेलं. आरडाओरडा केला नाही, तेच वाईट. म्हणाला, "पूर्वी उशीर करायचास, आता झोपा काढतोस. आजचं मी निस्तरतो. पुन्हा असं झालं तर तुझ्या जागी दुसरा माणूस."

मी तसाच तापलेल्या डोक्यानं घरी आलो. त्या दिवशी लवकर सुटी मिळाली होती, ऊन माथ्यावर. अशा वेळी तिथं कुणी कुणाचं दार वाजवत नाही. मी वर जाऊन दोन्ही मुठींनी वाजवलं. सगळं घर उठलं. एक सून रडवेली होऊन बाहेर आली, तिला वाटलं माहेराहून काही वाईट निरोप आलाय.

माँजी दारात येऊन म्हणाली, "कौन मर गया?"

"मैं मर रहा हूँ! आप मुझे कितने बजे उठाती हो?"

"तीन बजे."

"तीन? मेसच्या घड्याळात दोन वाजलेले असतात!"

ती म्हणाली, "देख, मुझे नींद आने लगती है, तो समझती हूँ तेरा टेम हो गया."

म्हणजे तिला झोप आली की माझी झोप संपली! मी म्हटलं, "माँजी, आपकी नींद पर मेरी नौकरी चलेगी क्या?"

"और तेरी नौकरी पर मेरी नींद चले? सारे घर की चले? इतने दिन चली ना? किसी ने कुछ कहा?"

आता हे ऐकून घ्यायचं? रोज तर सगळं घर परातीवरून बोलत होतं. तिचा मुलगा डोळे चोळत मधे पडला, म्हणाला, जाऊ दे भैया, घड्याळ परत वर आण. तर मागून सगळ्या सुना एकदम, "नहीं जी, परात नहीं!" एकीनं तर हात जोडले. माझी बायको जिन्यात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होती. ते मला जास्त लागलं.

मी म्हटलं, "ठीक है. गच्ची तुम्हारी. मैं नीचे सोऊँगा."

"नीचे? भुन जाएगा," माँजी म्हणाली.

"भुन जाऊँगा."

मी एकदा म्हटलं की म्हटलं. त्या रात्रीपासून मी खाली खोलीत. दारं उघडी टाकली तरी भिंती रात्रभर ऊन ओकायच्या. चादर ओली करून अंगावर घ्यायची, ती पाठ टेकेपर्यंत वाळायची. पण परात माझी, गजर माझा, आणि चूळ मी पाहिजे तेवढ्या जोरात भरायचो. मेसमध्ये पुन्हा एक दिवस चूक झाली नाही. हवालदाराला काही म्हणायला जागा ठेवली नाही मी.

बायकोला म्हटलं, तूही खाली ये. ती म्हणाली, "मी का म्हणून? माझं काय भांडण आहे त्यांच्याशी?" आणि वळकटी काखेत मारून वर गेली. तीही आता त्यांच्यासारखीच झाली होती. खरबुजाच्या बिया सोलत रात्र रात्र बसायची. उघड्या दारातून तिचं हसणं मला ओळखू यायचं. आमचं त्या उन्हाळ्यातलं बोलणं बहुतेक जिन्यातच झालं. मी खाली उतरतोय, ती वर चढतेय.

एका संध्याकाळी तिथंच ती म्हणाली, "माँजी म्हणतात, कोपरा रिकामा आहे. त्या झोपत नाहीत तिथं. म्हणतात, तो दखणी रागावून गेला, आता मला तिथं झोप येत नाही."

"मग मी काय करू?"

"या की वर. मी उठवीन तुम्हाला. मला घड्याळ कळतं."

"तिला म्हणावं, स्वतः येऊन सांग."

"अहो, त्या म्हाताऱ्या आहेत. जिना उतरवत नाही त्यांना."

"भांडायला उतरवत होता."

बायको तशीच वर गेली. माँजी काही खाली आली नाही, आणि मी वर गेलो नाही. सगळा ज्येष्ठ मी त्या खोलीत घामाच्या पाण्यात काढला. वर घरातला सगळ्यात गार वारा रोज रात्री जाळीतून येत होता आणि मोकळ्या फरशीवरून निघून जात होता.