आत्याचा लाल ठिपका

मंडळी, सकाळपासून चैन नाही.

श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत आत्या सुपाऱ्या वाळत घालत होती, तिचं चित्र काढलं. एकोणिसाव्या शतकातले काही फ्रेंच चित्रकार निसर्गचित्रात माणूस इवलासा ठेवत, त्याने उजेड मोठा दिसतो, हे बाबांनी घरीच शिकवलेलं. म्हणून लाल लुगड्यातली आत्या म्हणजे उन्हात एक लाल ठिपका.

तिने चित्र निरखलं. “अगो, मला तोंडच न्हाय?”

मी फ्रेंचांचं सगळं सांगितलं.

“त्यांच्या आत्या काय बोलल्या न्हाईत?”

चित्र उद्या प्रदर्शनाला द्यायचंय. दुसऱ्या कागदावर तेच चित्र, आत्या मोठी करून, नाक-डोळ्यांसकट काढून पाहिलं, तर ऊनच विझलं.

दुपारी आत्याला जेवायला बोलावलं. म्हणाली, “ठिपक्याला कसली भूक?”

तुम्ही असता तर कोणतं चित्र दिलं असतं?