ओल्या फडक्यानं पुसलेला डोंगर

कोळशाच्या खाणींजवळच्या घुग्घुसात संसार करायचा तर हातात ओलं फडकं हवंच. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव लिहावं, इतका कोळसा बसतो. माझ्या सासूबाई तर बुद्धमूर्तीपासून गॅसच्या नळीपर्यंत सगळं दिवसातून तीनदा पुसायच्या.

नवऱ्याचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे गाव सोडा. तिकडे जंगलात, एटापल्लीला, माझ्या भावाचं घर आहे. पण हे आईला टाकून जायला तयार नव्हते, आणि सासूबाई म्हणायच्या, "मी हे घर सोडून कुठीच जात नाई. तो माझ्या डोळ्यासमोरच बरा. एक कण धूळ ठेवत नाई मी." मायलेक एकाच माळेचे मणी! मधल्यामध्ये माझा जीव टांगणीला.

हे भूगोलाचे मास्तर. शाळेतून आले की खाटेवर पडून एक जुनं इंग्रजी पुस्तक चाळत बसायचे. रद्दीत सापडलेलं, पण आता कुठं मिळणार नाही असं. हवेचा दाब मोजायला काही शास्त्रज्ञ पाठीवर पाऱ्याच्या नळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावर चढले, त्याची हकीकत. चित्रं हातानं रंगवलेली. एकात एक जण बर्फात बसून तोंड वासून श्वास ओढतोय. "पाह्य, याले माझ्यासारखंच होऊन राह्यलं," म्हणून हे हसायचे. मला मेलं हसू येत नसे.

एकदा मी बाजारातून आले तर हे झोपलेले, आणि सासूबाई खाली बसून त्या पुस्तकाचं पान न् पान ओल्या फडक्यानं पुसताहेत. "किती धूळ हाय याच्यात! म्हणूनच खोकला जात नाई त्याचा." आभाळाचा निळा रंग फडक्यावर उतरला होता, डोंगराचा पार चिखल. मी ओरडलेच. हे दचकून उठले, धडपडत पुस्तक ओढलं आणि तिथंच गुडघ्यांवर बसले. "आई, अवो..." पुढचा शब्द निघेना. ओठ काळे पडले. मी पंप तोंडाशी धरला, पाठ चोळत राहिले. श्वास परत येईपर्यंत माझ्यात प्राण नव्हता.

सासूबाई फडकं धरून तशाच बसलेल्या. वाटलं, आता उलट मलाच बोलतील. त्या म्हणाल्या, "माझ्या पुसण्यानं काई होत नाई वो. घेऊन जा याले."

"अन् तुम्ही?"

"मी इथीच बरी."

पाया पडून विनवलं, ऐकतील तर शपथ.

आता आम्ही एटापल्लीला आहोत. हे समोरच्या मोहाच्या झाडापर्यंत न थांबता जाऊन येतात. रोज सकाळी सासूबाईंचा फोन येतो. जेवलास का, झोपलास का, काही नाही. एकच म्हणतात, "श्वास घेऊन दाखव." हे फोन तोंडाशी धरून लांब श्वास घेतात, सोडतात. त्या ऐकतात.

हल्ली तेवढ्यात तिकडून खोकल्याची उबळ येते, आणि त्या घाईघाईनं फोन ठेवून देतात.