टोलाअलीकडचा चहा

तुकाबाईच्या टपरीवर माणसं बसायला लागली, ती चहा चांगला म्हणून नव्हे. चहा आधीही तोच होता, गवती चहाची पात घातलेला, जरा जास्त गोड. पण महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्या समोरून निघून जायच्या. जी पाच-सात गिऱ्हाइकं यायची, ती उभ्यानं पिऊन पसार. नवरा भिमाजी गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळी टपरीचं फळकूट लावताना कधी तिच्या लक्षात यायचं, की आज आपण ‘साखर घालू का’ याखेरीज काही बोललोच नाही.

मग टोलवर वेळ धरायला सुरुवात झाली. खालच्या टोलवर काचेवरचा फास्टॅग वाचला जायचा, साठ किलोमीटरवर वरच्या टोलवर पुन्हा. मधे पंचेचाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळ गेला, तर गाडी वेगात आली असं आपोआप ठरायचं आणि मालकाच्या मोबाइलवर चलान यायचं. पहिल्या महिन्यात भाजीचे पिकअपवाले पोळले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी वाट काढली. गाडी हवी तशी पळवायची आणि वरच्या टोलाच्या अलीकडं बसून उरलेली मिनिटं घालवायची. तुकाबाईची टपरी टोलापासून अर्ध्या किलोमीटरवर होती.

त्यात डिंगोऱ्याचा गोकुळ रोजचा. रात्री शहरात कोथिंबीर उतरवायची आणि सकाळी दहाच्या सुमारास रिकामी गाडी घेऊन परतायचं.

“बसायचंच हाय तर पळवतोस कशाला रं?” तिनं एकदा विचारलं.

“हळू चालवली की डोळा लागतो, मावशे. आन हितं बसलो की तुझ्या शिव्या खायला मिळत्यात.”

त्यानं टपरीवर ताडपत्री बांधून दिली. रक्तदाबाची गोळी घेतली का, हे विचारणारा तोच एक. तोंड धुऊन बाकड्यावर पसरायचा, मोबाइलात वेळ बघायचा, “अजून सहा मिनिटं” म्हणायचा. ती सहा मिनिटं तुकाबाईची असायची. सकाळी नऊपासून तिचं लक्ष खालच्या रस्त्याकडं लागायचं. बसणाऱ्याच्या मिनिटांवरून कोण किती सुसाट आला, हे तिला कळायला लागलं होतं. कळत होतं, पण ती ते मनात धरून बसत नव्हती.

तुकाबाई मूळची आण्याच्या पठारावरची, मेंढरांतली. भिमाजीनं वाट्याची मेंढरं विकून टपरी टाकली, तेव्हापासून धाकटा दीर राघू त्यांच्याशी बोलत नव्हता. तो अजून कळप राखून होता. दिवाळी झाली की कळप कोकणाच्या वाटेला लावायचा आणि टपरीच्या चार किलोमीटर अलीकडं दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून महामार्ग ओलांडायचा. इतक्या जवळून जाऊनही चहाला आला नाही कधी.

मेंढरं रस्ता ओलांडताना एकजण दोन्ही हातांत घोंगडी ताणून गाड्यांसमोर उभा राहतो. शेवटचं कोकरू पार होईपर्यंत हलायचं नाही. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं हे काम तुकाबाईकडंच होतं. तीनशे मेंढरांना चार मिनिटं लागतात. पाठीमागं खुरांचा आवाज, पुढं येणारी गाडी, आणि थांबणार की नाही हे गाडीवाल्याच्या मनावर.

यंदा घोंगडी घेऊन राघूच उभा होता.

त्या दिवशी गोकुळ आला तो तोंड धुवायला गेला नाही. गाडी टपरीच्या मागं लावली. चहा घेतला आणि तसाच हातात धरून बसला. बारा मिनिटं. एवढं तो आधी कधी बसला नव्हता. तुकाबाई मागं पाणी ओतायला गेली, तेव्हा गाडीच्या फुटलेल्या दिव्याच्या खोबणीत तिला काळी लोकर दिसली.

दुपारपर्यंत सगळं कळलं. नऊ मेंढ्या जागेवर मेल्या, राघूच्या मांडीचं हाड मोडलं. गाडी थांबली नव्हती, पण हिरानं, राघूच्या बायकोनं, तिचा नंबर पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी गोकुळ चालत आला. “मावशे, कुणी इचारलं तर मी काल हितं थांबलो न्हवतो. एवढंच म्हन.”

“का?”

“टोलच्या नोंदीत शेहेचाळीस मिनिटं हायेत. म्हंजे गाडी मापात व्हती. मेंढरं अचानक आडवी आली म्हनून सुटंन मी. न्हाईतर गाडी गेली, लायसन गेलं.” मग हळू आवाजात म्हणाला, “तुला माझ्याशिवाय कोन हाय, आन मला तरी.”

तिनं त्याला चहा ओतून दिला. त्यानं ते होकारासारखं घेतलं.

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातला जमादार कुंडलिक आला. ऊन होतं, टोपी काढून बसला. “मेंढपाळाचीच चूक दिसतीय. रस्ता काय त्यांच्या बापाचा हाय का? गाडी शेहेचाळीस मिनिटांत आलीय, रेकॉर्ड हाय.”

तुकाबाईनं चहा गाळला. कप त्याच्यापुढं ठेवला. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

“त्यातली बारा मिनिटं तो हितं बसला व्हता,” ती म्हणाली.

“कशावरनं?”

“रोजच बसतो. सगळेच बसत्यात. ज्यानं जास्त पळवली, तो जास्त बसतो.”

कुंडलिकनं कप खाली ठेवला. मग वही काढली.

पुढं सगळं भराभर झालं. गोकुळवर केस झाली, लायसन अडकलं. बाकीच्या पिकअपवाल्यांत बातमी पसरली. दोघं-तिघं मुद्दाम टपरीपुढं हॉर्न वाजवत गेले, एकजण काच खाली करून “जमादारीणबाई” म्हणाला. मग तेही बंद झालं. बसायला त्यांना दुसरा ढाबा सापडला होता म्हणे.

ती राघूला बघायला मंचरच्या दवाखान्यात गेली. हिरानं पाणी दिलं आणि बाहेर जाऊन बसली. राघूनं पंख्याकडं बघतच विचारलं.

“तू सांगितलंस?”

“व्हय.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. परतीची एसटी मिळेपर्यंत ती स्टँडवर दोन तास बसून होती.

चैत्रात केस चालूच होती, पण गोकुळला लायसन परत मिळालं. सकाळी दहाला तुकाबाई ग्लास विसळत होती, तेव्हा त्याची गाडी आली. डावीकडच्या पट्ट्यातून, मापात, कुणालाही न ओलांडता. एवढी हळू, की त्याचा चेहरा, वाढलेली दाढी, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात तिला नीट दिसले. त्याच्याजवळ घालवायला मिनिटं उरलेलीच नव्हती. त्यानं मान वळवली नाही. तिचे हात ओले होते, म्हणून तिनंही हात वर केला नाही.

गाडी टोलच्या रांगेला लागेपर्यंत तिला दिसत होती.