शेळीच्या चौथ्या पोटात

मेलेल्या शेळीचं पोट उघडलं की जो वास येतो, तो शेणाचा नसतो. नासलेल्या ताकात रक्त मिसळावं तसा काहीसा असतो, आणि तो पदरातून आरपार येतो. आमच्या केळीच्या बागेच्या बांधावर मी नाक दाबून उभी होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रबरी मोजे घालून आत हात घालत होत्या. शेजारी सासूबाई, गळ्यात तुळशीची माळ, तोंड पलीकडे केळीकडे फिरवलेलं.

आमच्या घरात मांस शिजत नाही. शेळ्या दुधासाठी आणि लेंडीखतासाठी. त्या उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत ही दुसरी गेली होती. दोघींचं एकच झालं. जुलाब, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली, मग उठणं बंद. आणि आता तशीच पिशवी गोठ्यातल्या काळीच्या गळ्याखाली आली होती. काळी गाभण होती. तिची आई वीत असतानाच गेली, तेव्हा सासूबाईंनी तिला चुलीजवळ गोणपाटावर ठेवून बाटलीने दूध पाजलं होतं. मुलांचे लाड त्यांनी कधी केले नाहीत, काळीचे केले. आता तिला मीठ-मिरची ओवाळून झाली होती, कडूनिंबाचा रस पाजून झाला होता. गळ्याखालची पिशवी जशीच्या तशी.

"आजी, इकडे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मले नको दाखवू व माय. तूच पाह्य."

"तुम्हीच बघायला पाहिजे. काळी जगवायची ना?"

सासूबाईंनी मान वळवली. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला शेवटचा, चौथा, बाईंनी कात्रीने उभा कापून उलगडला होता. आधी मला वाटलं, आतल्या पातळशा चोथ्यात दोरे गेलेत. मनगटाला बांधतात तसे, लाल-पांढऱ्या पिळाचे, पण बारीक. मग दोरे हलले. सगळंच हललं. कप्प्याच्या आतल्या कातडीला ते डोकं खुपसून चिकटले होते, एकात एक गुंतलेले. शेळी मेली तरी यांचं चालूच होतं. बाईंनी बोटाने थोडे खरवडून पानावर ठेवले. तिथेही ते वळवळत राहिले.

"लाल दिसतंय ते तिचंच रक्त. आणि पिशवीत साठलं ते रक्तातलं पाणी."

सासूबाई बांधाखाली जाऊन भडभडून ओकल्या. मी त्यांची पाठ धरली. दोघींनी ओकून कसं चालेल?

चूळ भरून त्या आल्या आणि भांडणाच्याच सुरात म्हणाल्या, "हे आलं कुठून? मी त्याह्यले उकिरड्यावरचं खाऊ घालत नाई. रोज पहाटे बागेतलं कवळं गवत कापून आणते."

"केळीच्या बुडातलं?"

"मग! भर उन्हाळ्यात कोनाच्या शेळीले हिरवं भेटते?"

हा त्यांचा अभिमान होता, आणि गावात सगळ्यांचाच आहे. ठिबकच्या नळ्यांमुळे केळीखाली बारा महिने ओल, त्यामुळे बारा महिने गवत. गोठ्यातल्या लेंड्या झाडून ताज्याच केळीच्या बुडाशी टाकायच्या आणि तिथलंच गवत दवासकट कापून शेळ्यांपुढे घालायचं. काही वाया जात नाही, असं आम्ही पाहुण्यांना बाग दाखवताना सांगायचो.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. जंतांची अंडी लेंडीतून पडतात, ओलीत पिल्लं होतात, दवाच्या पाण्यात पोहत गवताच्या पात्यावर चढून बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत. कोरडवाहू रानात उन्हाळा त्यांना भाजून काढतो. आमच्या बागेत त्यांना उन्हाळाच नव्हता.

"अन् ते रोही?" सासूबाईंनी विचारलं. आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात. "ते बी बागेत घुसून हेच खाते. ते नाई मरत?"

"त्यांच्याही पोटात जंत असतात, आजी. पण ते आज इथे चरतात, उद्या डोंगराच्या पायथ्याला. तुमच्या शेळ्या रोज स्वतःच्याच लेंडीवरचं खातात."

स्वतःच्याच लेंडीवरचं. हे ऐकून मला त्या कप्प्यापेक्षा जास्त शिसारी आली. त्याच गवताच्या भाऱ्यावर बसून आम्ही सकाळचा चहा प्यायचो.

काळीला गाभणीला चालणारं जंताचं औषध पाजलं. हिरवं बंद. हरभऱ्याचं कोरडं कुटार म्हणजे भुसा, थोडी सरकीची ढेप, उंच टांगलेला सुबाभळीचा पाला. काळीने कुटारावरून तोंड फिरवलं आणि ओरडायला लागली. दोन दिवसांनी मी गोठा झाडायला गेले, तर गव्हाणीत कुटाराखाली ओलं गवत दडवलेलं.

मी ते मूठभर उचलून सरळ सासूबाईंपुढे नेलं. "हे काय?"

"उपाशी मरू देऊ का तिले? दोन जिवांची शे ती."

"घ्या मग. हातात घ्या. तोंडाजवळ न्या."

त्यांनी हात मागे ओढून लुगड्याला पुसला. "काढ ते. नेऊन टाक पहिले."

"तुम्ही हातात घेत नाही आणि तिच्या पोटात घालता?"

मी ते टाकून येईपर्यंत त्यांनी गव्हाण स्वतः घासून धुतली आणि काळीला हाताने कुटार भरवत बसल्या. शिव्या देत देत. "खाय, रांडे. मोठी राणी लागून गेली."

गळ्याखालची पिशवी हळूहळू उतरली. जुलाबात मेलेले दोरे पडले, ते मीच फावड्याने उचलून खड्ड्यात पुरले. त्या दिवशी मला शेवया बघवेनात. काळी व्याली. दोन पिल्लं, एक मेलेलं, एक धडपडत उठलेलं. सासूबाईंनी जिवंत होतं ते पुसलं, मेलेल्याकडे एकदा बघितलं आणि हात धुतले.

पावसाळ्याच्या तोंडाशी माझे मिस्टर बागेतून तणतणत आले. केळीत गुडघाभर गवत झालंय, मजूर मिळत नाहीत, आई, पहाटे जाऊन कापायचीस ते का सोडलंस?

सासूबाई पिल्लाला थानाशी लावत होत्या. "तुले पाहिजे तं तू काप," त्या म्हणाल्या. "अन् माह्या गोठ्याकडून आनू नको. तिकडून ने, अन् घरात यायच्या आधी पाय धू."