हैबतरावांचा क्लचवरचा पाय

भाद्रपदातलं ऊन पौडच्या रस्त्यावर चटके देत होतं, तरी आनंदा कांबळेच्या शेडखाली चिखल होताच. त्यावर गोणपाट टाकून तो सकाळपासून गावच्या पाटलांच्या, हैबतरावांच्या जीपखाली उताणा पडला होता. गिअरबॉक्स खाली उतरवला तसा जळका वास सुटला.

हैबतराव पलीकडे कोंडिबाच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या दहा जणांना ऐकू जाईल असं बोलत होते. "महिन्यात क्लचप्लेट जळती व्हय रं? जुनीच पुसून बसवलीस. चोर हायेस तू!"

आनंदानं पुण्यात बारा वर्षं ट्रकखाली काढली होती, मग सत्त्याहत्तर साली गावात ही शेड टाकली. चोर म्हणून नाव पसरलं की ताम्हिणीपासून भुकूमपर्यंत एक गाडी त्याच्या दारात थांबणार नव्हती. आणि दुसऱ्या कुणाला पाटील इतक्या सहज चोर म्हणाले नसते, हेही त्याला ठाऊक होतं. प्लेट हातात घेऊन तो बाहेर आला.

"पाटील, हे मधले दाते बघा. कोरे करकरीत हायेत. जुन्या प्लेटीचे झिजलेले असत्यात. जळालंय ते वरचं अस्तर. का जळालं, सांगू?"

"सांग की, इंजिनेर!"

"हात जोडा."

"तुला?"

टपरीवर हशा पिकला.

"एकमेकाला जोडा! एक हात इंजिनचं चाक, दुसरा ही प्लेट. गच्च दाबलं की दोनी संगट फिरत्यात, गाडी चालती. पेडल दाबलं की सुटत्यात. आता अर्धवट दाबा आन् घासा. जोरात!"

हैबतरावांनी चार वेळा घासले आणि हात झटकले.

"पोळलं न्हवं? तुमी चावडीच्या चढावर ब्रेक न लावता जीप अर्ध्या क्लचवर तोलून धरता. खाली उतरायचं न्हाई, इंजिन बंद करायचं न्हाई, निसते रामराम घ्यायचे! तवर आत ही जळतीया."

"परवा माझ्याशीच अर्धा तास बोलत हुते," कोंडिबा म्हणाला.

"बरं, टाक दुसरी. वाढवू नगंस," हैबतराव म्हणाले.

"वाढवलं तुमी. चोर दहा जणांत म्हणालात, आता प्लेट नवी हुती हे बी दहा जणांतच म्हणा. न्हाईतर बैल जुंपून न्या जीप."

"नवी हुती," हैबतराव पुटपुटले.

"कोंडिबा, आलं का ऐकू?"

"न्हाई बा!"

"नवी हुती म्हनलं की!" हैबतराव ओरडले आणि पाठ फिरवून चालते झाले.

आनंदाचा राग काही उतरला नाही. तो उकिडवा बसला, नटबोल्ट रॉकेलच्या डब्यात टाकले आणि ब्रशनं घासायला लागला.