माहेरी जाऊन आले म्हणून

"पदर खाली घे. फोटोतली बाई तूच का, बघू दे."

जुन्नरच्या कचेरीच्या ओसरीवर खेड्यापाड्यांतली माणसं बसली होती. कुणी मढहून जमिनीच्या कामाला आलेलं, कुणी बोरीहून. सगळ्यांनी माना वर केल्या. माझ्या नवऱ्याने खाली घातली. मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. कारकुनाने परवान्यावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं, आणि मोठ्याने विचारलं, "कशाला गेली होतीस तिकडं?"

"माहेराला," मी म्हणाले.

सगळी ओसरी हसली.

"पाकिस्तान हिचं माहेर!" कारकून म्हणाला. "मग इथं कशाला आलीस?"

मुलगी माझ्या कडेवर होती. सगळे हसले म्हणून तीही हसली. मला काहीच वाटलं नाही. उभं राहून पायाला मुंग्या येतात, तसं सगळं अंग झालं होतं.

माझा जन्म जुन्नरच्या मोहल्ल्यातला. सासरही तिथंच, दोन गल्ल्या सोडून. सासरचे कागदी, हाताने कागद करणारे. ओला कागद भिंतीला लावून वाळवायचा, हे आम्हा बायकांचं काम. माझं लग्न झालं आणि अब्बा कराचीच्या गोदीत कामाला गेले, अम्माला घेऊन. तेव्हा त्यात काही विशेष नव्हतं. मुंबईहून बोटीत बसलं की झालं. पहिलं बाळंतपण आईकडंच करायचं, ही आमच्याकडची रीत. मी पोटुशी बोटीत बसले तेव्हा देश एक होता. मुलगी झाली, ओलं बाळंतपण सरलं, तोवर दोन झाले होते. परत यायला परवाना काढावा लागला, तोही थोड्या मुदतीचा. जिथं माझी नाळ पुरली, तिथं मी पाहुणी म्हणून उतरले.

नवऱ्याने अर्ज केला. ही माझी बायको, हिला कायमचं इथं राहू द्या. अर्ज पुण्याला गेला, तिथून आणखी पुढं कुठं गेला. आम्ही चौकशीला जायचो आणि परत यायचो.

मग अम्माचं कळलं. अंथरुणाला खिळलीय, सारखं तुझं नाव घेते. नवरा मला घेऊन कचेरीत गेला.

"सायेब, हिची अम्मा लई आजारी हाय. अर्जाचं हुईस्तवर जाऊन आली तर चालंल न्हवं?"

कारकून पान लावत होता. "जाऊ दे की. अर्ज काय पळून चाललाय?"

आम्ही ते खरं धरलं. मुलीला सासूजवळ ठेवलं. माहेरी जाते म्हणून शेजारणींना सांगितलं, त्यांनी भाकरी-चटणी बांधून दिली. माहेरी जाणं म्हणजे देश सोडणं, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

अम्मा भेटली. तिने मला ओळखलं, "पोरगी कुठाय?" म्हणून विचारलं, आणि त्याच आठवड्यात गेली. मी रडले नाही. डोक्यात परतीच्या परवान्याची मुदत होती. आईच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी बोटीची चौकशी करत फिरणारी लेक मी. माझ्यावर ती वेळ कुणी आणली, हे मी विसरणार नाही.

आणि आता ओसरी हसून झाल्यावर कारकून सांगत होता, "अर्ज निकाली निघाला. अर्ज चालू असताना बाई देश सोडून गेली, म्हणजे तिला इथं राहायचं नाही. नियम आहे."

नवरा म्हणाला, "सायेब, तुमीच म्हनला व्हता, जाऊ दे म्हून."

"मी? शुद्धीवर आहेस का?"

नवऱ्याने हात जोडले. ते जोडलेले हात मला बघवले नाहीत.

कारकुनाने एक कागद ओढून वाचून दाखवला. मी पाकिस्तानची, मुदत संपली की स्वखुशीने परत जाईन.

"आन् पोरगी?" मी विचारलं.

"पोरगी बापाची. ती राहील."

मग त्याने माझा हात धरला. विचारलं नाही. अंगठा शाईत दाबला आणि आपला शिक्का उचलावा तसा कागदाकडे नेला. स्वखुशीने, असं त्या कागदावर लिहिलं होतं. मी हात हिसकून घेतला.

"अंगठा माझा हाय. म्या देनार न्हाई."

"पोलीस घेऊन जातील."

"जाऊ द्या घिऊन. मी जुन्नरची हाय. उचलून न्यायचं तर न्या. माज्या पायानं जानार न्हाई."

आता कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनेही कुणी बोललं नाही. मढचा एक म्हातारा तेवढा म्हणाला, "पोरी, सायबाशी आसं बोलू न्हाई." मी पदर डोक्यावर घेतला आणि ओसरी उतरले.

घरी येऊन ओले कागद भिंतीला लावायला घेतले. पहिल्याच कागदावर माझा निळा अंगठा उमटला. सासू म्हणाली, वाया गेला. मी दुसरा घेतला.

नवऱ्याने नवा अर्ज दिलाय. उत्तर नाही. हवालदार दारात येऊन विचारतो, "बाई, कधी निघता?" मी हातातलं काम थांबवत नाही. कराचीत अब्बा एकटे आहेत, ये म्हणून बोलावतात. मी जाणार नाही. उद्या त्यांचं काही झालं तरी, त्यांच्या मातीलाही नाही. माहेर या कचेरीवाल्यांनी काढून घेतलं. लेक आणि घर मी देणार नाही. परवान्याची मुदत कधीच संपली आहे. मी इथंच आहे.