माझ्या पायाशी ठेवलेली दुनळी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला नाक मुरडायला नको. पालीला भिते, विहिरीच्या काठाला भिते, आणि यजमानांच्या फटफटीला तर सासरी आल्या दिवसापासून भिते. मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. नाशकात त्या वेळी फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आमची गल्लीतून निघाली की टांग्याचे घोडे बुजायचे, बायका कानांवर हात ठेवायच्या, आणि यजमानांना त्याचंच कोण कौतुक! वकिली सांभाळून उरलेला सगळा जीव त्यांचा त्या लोखंडात.

अशा फटफटीवाल्यांची एक चौकडी जमली होती. एक आमचे यजमान. दुसरे आमच्याच आळीतले डॉक्टर. तिसरे निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार, अंगानं दांडगे आणि स्वभावानं साधे. चौथे जुन्या नाशकातले एक मुसलमान मिस्त्री. घराणं विणकरांचं, पण यांनी माग सोडून यंत्रं धरली होती. बाकी तिघांच्या गाड्या त्यांच्याच हातानं जिवंत राहायच्या, आणि स्वतःची त्यांनी दोन मोडक्या गाड्यांतून जुळवलेली. साइडकार मात्र फक्त आमच्या गाडीला होती. त्यात मी आणि माझी तीन वर्षांची लेक. दर रविवारी कुठे ना कुठे दौड ठरलेली. मला कुणी विचारायचं नाही. डबा कोण करणार, म्हणून मी हवीच असायचे.

बंदूक होती ती बागाईतदारांची. दुनळी, रीतसर परवान्याची. बागेत रानडुकरं शिरायची म्हणून घेतलेली. त्यांना तिचं काहीच वाटत नसे. म्हणायचे, "वहिनी, घरात कुदळ हाय तशी ही हाय. कुदळीला कोनी भितं का?" डॉक्टरांचं निराळं. "मी माणसांच्या अंगातून छर्रे काढलेत, माझ्या घरात नको," असं ते ठासून सांगायचे. पण घाटात बंदूक बरोबर आहे म्हटलं की हेच डॉक्टर कॉलर ताठ करून बसायचे. म्हणजे बंदूक असावी, पण दुसऱ्याची असावी. मिस्त्री तिला बोटही लावत नसत. एकदा आमच्या ओसरीवर चहा पिताना ते म्हणाले, "वकीलसाहेब, फटफटी बिघडली की थांबते. ही बिघडली की सुटते." यजमान हसले. ते म्हणाले की दोन्ही यंत्रंच, नीट ठेवली तर नीट चालतात, आणि माझा यंत्रावर विश्वास आहे.

विश्वास नुसता बोलण्यापुरता नव्हता. त्यांनी स्वतःच्या बंदुकीसाठी कलेक्टर कचेरीत अर्ज दिला होता. माजघरात कुठल्या भिंतीला खुंट्या ठोकायच्या, तेही ठरवून ठेवलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, "बंदूक या घरात आली तर मी लेकीला घेऊन माहेरी जाईन." हे म्हणाले, "भागूबाई आहेस नुसती." आणि विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपायचे.

दौडीला निघताना बंदूक न्यायची एक रीत या लोकांनी घालून घेतली होती, आणि त्या रीतीचा त्यांना फार अभिमान. फटफटीवर पाठीला बंदूक लावली की खड्ड्यात ती डोक्यात बसते. म्हणून बंदूक आमच्या साइडकारमध्ये, गवसणी घालून, माझ्या पायाशी. काडतुसं डॉक्टरांच्या बॅगेत. परवाना बागाईतदारांच्या खिशात. "तीन गोष्टी तीन गाड्यांवर, अपघात होईलच कसा?" असं यजमान म्हणायचे. साइडकार बुटकी, तिच्यात बंदूक आडवी मावत नसे. तिचा दस्ता खाली पायाशी आणि नळ्या वर, माझ्या खांद्याला टेकलेल्या. मी कुरकुर करायचे. पण रिकामी आहे, काठीसारखी आहे, असं शंभरदा ऐकून शेवटी मीही तिच्यावर हात टेकून बसू लागले होते.

त्या रविवारी आम्ही पेठच्या रस्त्यानं गेलो. सावळघाट उतरून पलीकडे एका ओढ्याशी जेवायला थांबलो. मी भाकऱ्या काढत होते तेवढ्यात समोरच्या जाळीत काहीतरी खसपसलं. बागाईतदार उठले, डॉक्टरांकडून दोन काडतुसं घेतली आणि बंदुकीत घातली. मी लेकीला पोटाशी धरलं. मला धीर यावा म्हणून त्यांनी हळू आवाजात समजावलं, "हे बघा वहिनी, हा घोडा. खाली हाय तवर बंदूक झोपलेली. वर केला की जागी." आणि त्यांनी एक घोडा अंगठ्यानं वर ओढला. टक्क असा आवाज झाला. जाळीतून काही बाहेर आलं नाही. घोरपड असेल, नाहीतर वारा. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी बंदूक झाडाला टेकवली आणि सगळे जेवायला बसले.

नंतर कळलं ते असं. हात धुताना बागाईतदार डॉक्टरांना म्हणाले, "तेवढी काडतुसं काढून घ्या." डॉक्टरांच्या तोंडात चूळ होती, त्यांनी मान हलवली. काडतुसं आपण नुसती द्यायची, घालायची आणि काढायची बागाईतदारांनीच, असं डॉक्टर धरून चालले होते. त्यांना वाटलं, बागाईतदार काहीतरी सामान आवरायचं म्हणतायत. यजमानांनी बंदूक उचलली, गवसणी चढवली आणि नेहमीसारखी माझ्या पायाशी ठेवली. रीत इतकी पक्की होती, की बंदूक साइडकारमध्ये आली म्हणजे रिकामीच असणार. एकानंही उघडून बघितली नाही. मीही नाही. मी तर काडतुसं घालताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

परत येताना घाट चढायचा होता. पुढे बागाईतदार, मग डॉक्टर, मग आम्ही, मागे मिस्त्री. लेक जेवून पेंगुळली होती. मांडीवर बसून तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, गाल नळ्यांना टेकवला आणि झोपली. गाडी गचके खात होती. दर गचक्याला गवसणी थोडी थोडी खाली सरकत होती, आणि मी तिच्याकडे बघतही नव्हते. एका मोठ्या खड्ड्यात ती पार खाली घसरली. मी वर ओढायला वाकले, तेव्हा मला घोडा दिसला. वर होता.

पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग वर पाहिलं. माझ्या लेकीचा कान त्या नळ्यांच्या तोंडापासून चार बोटांवर होता. खाली घोडा वर ओढलेला, त्याखालच्या चापाजवळ माझ्याच लुगड्याचा सोगा लोंबत होता, आणि खाली रस्ता असा, की दर पावलाला गाडी दणकत होती.

आमच्यात खूण ठरलेली होती. यजमानांच्या मांडीवर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. मी दोन थापा मारल्या. पुन्हा दोन मारल्या. पण मी भित्री ना. दर दौडीत, दर वळणावर, बैल दिसला तरी मी थापा मारायचे. आणि चढावर साइडकारची गाडी थांबवली की पुन्हा उठत नाही, माणसांनी ढकलावी लागते, म्हणून चढावर थांबायचं नाही हा त्यांचा नियम. यजमानांनी माझ्याकडे न बघताच हातानं वर, घाटमाथ्याकडे दाखवलं. म्हणजे वर गेल्यावर थांबू. मी ओरडले, "बंदूक! बंदूक भरलेली आहे!" इंजिनाच्या त्या धडधडाटात माझंच मला ऐकू आलं नाही. त्यांनी हसून मान डोलावली.

मग मी ठरवलं, आधी पोरीपासून नळ्या दूर. चापाजवळचा सोगा बोटांच्या टोकांनी सोडवला. नळ्या धरून उजवीकडे कलवल्या, तर त्या यजमानांच्या बरगड्यांवर आल्या. सरळ आभाळाकडे धराव्यात, तर दर गचक्याला पोरीच्या डोक्यावर कलंडत. समोर केल्या तर पुढे डॉक्टरांची पाठ. मागे मिस्त्री. उलटी करून तोंड खाली करावं, तर घोड्याला धरून ती फिरवावी लागणार, आणि मांडीवर झोपलेलं मूल. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. राहिली डावी बाजू. त्या बाजूला दरी असती तर प्रश्नच नव्हता. पण चढताना डावीकडे डोंगर होता, आणि त्या दिवशी कुठला तरी बाजार होता. डोंगराच्या कडेकडेनं माणसं चालत घरी निघाली होती.

मी नळ्या डावीकडे केल्या. साइडकारच्या काठावर टेकवून दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

एक म्हातारा गेला, बगलेत कोंबडी. दोन पोरी गेल्या, डोक्यावर टोपल्या. फटफटी बघायला त्या हसत वळल्या, आणि नळ्या दिसल्यावर हसायच्या थांबल्या. एक जण तर गाडीला हात जोडून उभा राहिला. मी प्रत्येकाकडे बघत होते. गचका बसला की डोळे मिटायचे, आवाज झाला नाही की उघडायचे. देवाचं नाव घ्यायचंही सुचत नव्हतं. घाम हातावरून नळ्यांवर येत होता आणि पकड सुटेल असं वाटत होतं.

एका वळणावर गाडी अगदी रेंगाळली. तिथं एक बाई उभी होती, डोक्यावर सरपणाचा भारा आणि हाताशी माझ्या लेकीएवढीच पोर. रस्ता अरुंद, मागे कातळ. तिला सरकायला जागा नव्हती. नळ्यांचं तोंड तिच्या पोटासमोरून चाललं होतं. तिनं नळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पोरीला मागे ओढून स्वतः पुढे झाली. भारा डोक्यावरून पडला, तरी तिनं खाली बघितलं नाही. चार हातांचं अंतर असेल. तिच्या हनुवटीवरचं गोंदण मला आजही दिसतं. गाडी पुढे सरकेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. मी नळ्या हलवल्या नाहीत.

घाटमाथ्यावर गाडी थांबली. मी नुसतं घोड्याकडे बोट दाखवलं. मिस्त्री मागून आले, त्यांनी पाहिलं आणि एका क्षणात सगळ्यांना बाजूला सारलं. कधी बोटही न लावणारा माणूस, पण त्यानं अंगठ्यानं घोडा धरून अलगद खाली आणला, बंदूक मधोमध मोडून उघडली आणि दोन्ही काडतुसं तळहातावर घेतली. मग बागाईतदार मटकन दगडावर बसले. "माझी चूक झाली," म्हणाले, आणि लेकराच्या पायांना हात लावू लागले. डॉक्टर म्हणत राहिले, "मला वाटलं तुम्ही काढली." तेच वाक्य, चार वेळा. लेक जागी झाली आणि पाणी मागायला लागली.

यजमान पांढरेफटक पडले होते. त्यांनी विचारलं, "नळ्या कुठे होत्या?"

"बाहेरच्या बाजूला," मी म्हणाले.

"शाब्बास," ते म्हणाले. डॉक्टरही म्हणाले, "वहिनींनी प्रसंगावधान राखलं." बाहेरच्या बाजूला, हेच बरोबर, हेच शिकवतात, असं बागाईतदारही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा या चौकडीनं माझी पाठ थोपटली. मिस्त्री तेवढे घाटाकडे, आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघत होते.

घरी आल्यावर यजमानांनी शेजाऱ्यांना बोलावून ही हकिकत सांगितली. भागूबाई आता वाघीण झाली, दोन मैल भरलेली बंदूक हातात धरून आली, वगैरे. लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. पाहुणे गेल्यावर मी चुलीपाशी बसले आणि ह्यांना म्हणाले, "अहो, बाहेर माणसं होती."

"कुठे?"

"घाटात. रस्त्याच्या कडेनं. एक बाई होती, तिच्याबरोबर पोर होती. मी बंदूक त्यांच्यावर धरली होती."

यजमान वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. ते माझ्याजवळ येऊन बसले, माझा हात हातात घेतला. मला बरं वाटावं म्हणून, अगदी मायेनं म्हणाले, "अगं, पण ती आपली नव्हती ना."

मी हात काढून घ्यायला हवा होता. नाही घेतला. त्या वळणावर, त्या बाईच्या डोळ्यांत बघताना, मी स्वतःला हेच सांगितलं होतं.